भावी डॉक्टर

"हिचे डोळे मिटलेत की रे!" फ्लेक्सकडे मान वर करून तात्या म्हणाले. "झोपेत काढलाय का फोटो?"

"ओळखपत्रावरचा तुम्हीच दिलावता, तात्या," शिडीवरून महादू म्हणाला. "हाय तसा मोठा केला."

'मोठा' हा शब्द महादूने उगाच खर्च केला. चौकात लागलेल्या त्या फ्लेक्सवर मोठा फोटो एकच होता, तात्यांचा. हात जोडलेले, गळ्यात उपरणं, गालात न मावणारं हसू. वरच्या रांगेत पक्षाचे साहेब. डाव्या बाजूला मित्रपरिवार, म्हणजे गॉगल लावलेली आठ-दहा तोंडं, त्यातलं एकही मी कधी पाहिलेलं नव्हतं. आणि उरलेल्या कोपऱ्यात डोळे मिटलेली मी. खाली लिहिलं होतं, 'भावी डॉक्टर कु. मोनाली ननवरे हिचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, मा. तात्यासाहेब ननवरे.'

"कशी वाटतीय?" तात्यांनी मला विचारलं.

"मी डॉक्टर कुठं होणार आहे, तात्या?"

"आता होणार. फ्लेक्स लागला की!"

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्या वर्षी नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती आणि तात्यांना तिकीट हवं होतं. गावात कुणाला मुलगा होवो, कुणाची म्हैस विवो, तात्यांचा फ्लेक्स लागायचा. घरात बारावी पास झालेली पुतणी असताना त्यांनी ती वाया कशी घालवावी? डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा मी दिली होती, पण तिने मला ओळखसुद्धा दाखवली नव्हती. ही किरकोळ अडचण तात्यांनी मनावर घेतली नाही. त्यांच्या एका दोस्ताने बायपासला होमिओपॅथीचं कॉलेज काढलं होतं. कॉलेज म्हणजे एक पत्र्याची शेड, एक कमान आणि कमानीवर दोस्ताच्या वडिलांचं नाव. तिथे माझी जागा तात्यांनी परस्पर ठरवून टाकली होती.

मला मात्र सोलापूरच्या सरकारी कॉलेजात नर्सिंगला जायचं होतं. यादीत माझं नाव लागलं होतं. चार वर्षांची पदवी, राहायला होस्टेल. शनिवारपर्यंत जाऊन जागा पक्की करायची, नाहीतर ती खालच्या मुलीला जाणार. पण दाखला आणि गुणपत्रिका 'सांभाळायला' म्हणून तात्यांनी आपल्या कपाटात ठेवल्या होत्या, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला नसली तरी करदोट्याला होती.

घरी आल्यावर मी विषय काढला. तात्या सोफ्यावर, काकू त्यांच्या शेजारी गुडघ्याला बाम चोळत. माझे वडील, अण्णा, दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. थोरल्या भावासमोर ते सोफ्यावर बसत नसत. आई भिंतीला टेकून उभी होती.

"मला होमिओपॅथी नाही करायची. मी नर्सिंगला जाणार."

"नर्सिंग?" तोंडात केस आल्यासारखं तात्यांनी तोंड केलं. "ननवऱ्यांची पोरगी परक्या माणसांचं गू-मूत काढणार? कुणाच्याबी अंगाला हात लावणार? रातपाळ्या करणार? आणि उद्या स्थळं कुठनं आणायची आम्ही?"

"आमच्या माहेरच्या गल्लीत एक नर्स होती," काकू म्हणाल्या. "काय झालं शेवटी तिचं?"

"काय झालं?" मी विचारलं.

"झालं कायतरी," काकू म्हणाल्या आणि दुसऱ्या गुडघ्याकडे वळल्या.

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा बाजार समितीत कारकून होते. तिथे ते अडत्यांवर ओरडत, असं मी ऐकून होते. घरात त्यांना एकच शब्द येत होता.

"बघू," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आरोळी आली, "हरामखोर!"

ते आबा, तात्यांचे आणि अण्णांचे वडील. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बाजूबरोबर वाचाही. जन्मभर बोललेल्या हजारो शब्दांतून त्यांच्याकडे हा एवढाच शिल्लक राहिला होता. पाणी हवं असलं तरी हरामखोर, पंखा बंद करायचा असला तरी हरामखोर. माणसाला एकच शब्द उरायचा असेल, तर आमच्या घरात याच्याइतका उपयोगी दुसरा नव्हता. कोणता 'हरामखोर' पाण्याचा आणि कोणता चादर बदलायचा, हे फक्त आईला कळायचं. ती लगेच आत गेली, म्हणजे हा चादरीचा होता.

"विमल, दार लावून घे गं, वास येतोय," तात्या नाकाला उपरणं लावून ओरडले. मग माझ्याकडे वळले. "तर काय म्हणत होतो? असलं काम आपल्या घराण्यात कुणी केलेलं न्हाई."

मला हसू आलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते थट्टा करत नव्हते. बंद दारामागे त्यांच्या बापाचं कोण करतंय, हे त्यांना दिसत नव्हतं असंही नाही. फक्त आई करत होती ते काम त्यांच्या हिशेबी काम नव्हतंच. सूर्य उगवतो, नळाला पाणी येतं, तसं आबांचं होतं.

मी आत गेले. आबांना कुशीवर करायला दोन माणसं लागत आणि आई बहुतेक वेळा एकटीच असे. मी पलीकडून धरलं. आबांच्या अंगाखाली रबराच्या चादरीऐवजी आईने जुना फ्लेक्स अंथरलेला असायचा. महादूच्या दुकानात बिघडलेले, जुने फ्लेक्स पडलेले असत. आई अधूनमधून जाऊन एखादा मागून आणायची, घडी पाडून शिवायची. फ्लेक्समधून ओल झिरपत नाही, पुसला की झालं. त्या दिवशीचा फ्लेक्स गेल्या गणपतीतला होता. कोरी बाजू वर घ्यावी की छापील, हे सर्वस्वी आईच्या हातात होतं. तिने छापील घेतली होती. आबांच्या कमरेखालून तात्या हात जोडून हसत होते.

"आई, तू का नाही बोललीस बाहेर?"

"धर नीट. खांदा धर, दंड नको." तिने ओला बोळा फिरवला. "तिथं राहायची सोय हाय म्हणलीस ना?"

"होस्टेल आहे."

"जेवाय?"

"मेस आहे."

"आणि शिकून झाल्यावर?"

"सरकारी दवाखान्यात लागते नोकरी. परीक्षा द्यावी लागते. पण लागते."

आईने बोळा बादलीत पिळला. "मग आता गप बस. सारखं तोंड उघडू नको तात्यांच्यासमोर."

मला तिचाही राग आला. अण्णा 'बघू' म्हणणार आणि ही 'गप बस' म्हणणार. दोघं मिळून शनिवार घालवणार, मी बायपासच्या शेडमध्ये जाणार आणि डोळे मिटून डॉक्टर होणार. त्या रागात मी आबांचा दंडच धरला. आबांनी मला हरामखोर म्हटलं, आणि तेव्हा ते योग्यच होतं.

तात्यांचा खरा हिशेब मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळला. तात्या आणि अण्णा ओट्यावर बसले होते. आई चहा घेऊन निघाली होती, मागे मी खारीची बशी घेऊन. दारातच आईचे पाय थांबले.

"तू उगा मनाला लावून घेतोस," तात्या अण्णांना सांगत होते. "हजेरीचं माझ्याकडं लागलं. दोस्ताचं कॉलेज हाय. सकाळी जाऊन तोंड दाखवायचं, दहाच्या आत घरी. दिवसभर आबांचं कोण करणार? विमलची कंबर गेलीया, आज ना उद्या बसणार ती. मग काय बाहेरचं माणूस ठिवायचं? घरात हातीपायी धड पोरगी असताना?"

"ते बी खरंच," अण्णा म्हणाले.

"आबा हायत तवर करंल. तवर डॉक्टर म्हणून लग्नाला बी बरं पडतंय. सोलापूरला धाडली की गेली हातातनं."

तोवर मी तात्यांना मूर्ख समजत होते. मूर्ख माणसाचा राग येतो आणि जातो, त्याच्यावर हसताही येतं. पण तात्या मूर्ख नव्हते. आईची कंबर गेली आहे हे त्यांनी बघितलं होतं. घरात दुसरं कुणाला ते ठाऊक नव्हतं, मलासुद्धा नाही. त्यांनी बघितलं, आणि मोडकळीला आलेल्या बैलाच्या जागी घरचीच कालवड जुंपायची ठरवली. चौकात डॉक्टर आणि घरात बादली. ज्या कामाचं नाव ऐकून नाकाला उपरणं लावायचं, त्याच कामासाठी मला घरात डांबायचं, आणि वर अभिनंदन करायचं! मला त्या माणसाची शिसारी आली. आणि 'ते बी खरंच' म्हणणाऱ्या माझ्या बापाची थोडी जास्तच.

आईने चहा नेऊन ठेवला. साखर बरोबर आहे का विचारलं. परत आली आणि दुधाचं पातेलं घासायला बसली. मी तिच्याकडे बघत होते, पण तिच्या तोंडावर काही म्हणजे काही दिसेना.

सकाळी तिने पदर खोचला, आबांचं उरकलं आणि म्हणाली, "आबांच्या खालचा फ्लेक्स फाटलाय. महादूकडं जाऊन येते. तू बस इथं."

फ्लेक्स फाटलेला नव्हता. पण मी आपली बसले.

शुक्रवारी सकाळी तात्या दाढी करत होते तेव्हा पहिला फोन आला. मग दुसरा. तिसरा फोन घेताना तात्या अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून उभे राहिले. "कसलं कौतुक? ... कुठं? ... हो, हो. तेच की. ... धन्यवाद, धन्यवाद."

फोन ठेवून ते फेसासकट चौकात गेले. मीही मागोमाग गेले.

जुना फ्लेक्स उतरला होता. त्याच जागी, त्याच आकाराचा नवा लागला होता. तात्या तेच, हात जोडलेले. साहेब तेच, मित्रपरिवार तोच. मीही तीच, डोळे मिटलेली. खाली मात्र लिहिलं होतं, 'आमची पुतणी कु. मोनाली हिने सोलापूरच्या सरकारी कॉलेजात नर्सिंगचे शिक्षण घेण्याचे ठरवले आहे. आम्हाला तिचा अभिमान आहे. तात्यासाहेब ननवरे.'

महादू शिडी खांद्यावर घेऊन उभा होता. "वहिनींनी सांगितलं, तात्यांचा निरोप हाय म्हणून. मजकूर बी त्यांनीच दिला. बरा झालाय न्हवं?"

महादूचं काही चुकलं नव्हतं. तात्यांचे निरोप असेच जात. एखाद्या पोराबरोबर, फोनवर, 'अमक्याचा वाढदिवस हाय, लावून टाक.' तात्यांचा हात जोडलेला फोटो महादूच्या कॉम्प्युटरमध्ये कायमचा मुक्कामाला होता. फोटो तात्यांचा असला की मत तात्यांचं, असा गावाचा रिवाज होता आणि तो तात्यांनीच पाडला होता.

तात्यांनी महादूवर बोट उगारलं आणि तसंच खाली घेतलं. सरकारी दवाखान्याच्या मागच्या वस्तीतल्या बायका तिथे जमल्या होत्या. कुणी दवाखान्यात झाडायला होत्या, दोघी-तिघी दाई, एक सिस्टर. तात्यांच्या वॉर्डातली सगळ्यात मोठी वस्ती ती, आणि तिथे आजवर त्यांना कुणी दारात उभं केलं नव्हतं.

"तात्या, लई झ्याक केलं बघा," एक म्हातारी म्हणाली. "मोठ्या घरची पोरगी आमच्या कामात घातली. न्हाईतर लोक नाक मुरडत्यात."

"लोकांना काय कळतंय," तात्या म्हणाले. त्यांच्या गालावरचा फेस वाळत चालला होता. "काम कुठलं बी हलकं नसतं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. फ्लेक्स काढावा तर वस्ती जाते, ठेवावा तर पुतणी. आणि घरी पोहोचतो तोच साहेबांचा फोन आला. तात्यांनी तो उभ्याने घेतला. साहेब म्हणाले, वेगळा विचार केलास, असाच माणूस पाहिजे. फोन ठेवला आणि तात्या आईवर घसरले.

"कुणाला इचारून गेलीस महादूकडं?"

"कुणाला न्हाई," आई म्हणाली. ती आबांना पेज भरवत होती. तिने चमचा खाली ठेवला नाही.

"माझ्या नावावर मजकूर लिहितीस? ह्या वयात थेरं सुचायला लागली?"

"मग काढून टाका की भाऊजी फ्लेक्स. महादूला निरोप धाडा, माझा न्हाई म्हणून सांगा."

अण्णा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांचे ओठ हलले. आता हे 'बघू' म्हणणार, असं मला वाटलं, पण तेवढंही त्यांना जमलं नाही.

"आणि आबांचं?" तात्या शेवटी म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "ही गेल्यावर आबांचं कोण करणार? तुझी तर कंबर..."

"कंबर ठाव हाय व्हय तुम्हाला?" आईने पहिल्यांदा वर पाहिलं. डोक्यावरचा पदर घसरला होता, तिने तो सावरला नाही. "सिस्टर ठेवा."

"घरात बायका असताना?"

"घरात लेकं बी हायत की दोन."

काकू सोफ्यावरून उठून स्वयंपाकघरात गेल्या. गुडघ्यांच्या मानाने फारच चपळ उठल्या. आबांनी पेज गिळली आणि आपला शब्द उच्चारला. तो कुणाला होता, हे आईने त्या दिवशी उलगडून सांगितलं नाही.

शनिवारी आम्ही सोलापूरला निघालो. तात्या स्वतः आले. दाखला आणि गुणपत्रिका त्यांनी आपल्या हाताने कपाटातून काढल्या. ज्या गोष्टीचं श्रेय घ्यायचं, तिथे हजर राहायला नको? सोबत एक फोटोवाला घेतला होता. अण्णांना रजा मिळाली नाही, म्हणजे त्यांनी मागितलीच नाही. आई येणार म्हणाली तेव्हा तात्यांनी विचारलं, मग आज आबांजवळ कोण? आईने काकूंकडे पाहिलं. त्या दिवशी काकूंना आपले गुडघे विसरावे लागले.

वाटेत जीपमध्ये तात्या पुढे बसून ड्रायव्हरला सांगत होते, की रुग्णसेवा ही ईश्वरसेवा कशी असते, आणि पुतणीच्या डोक्यात हे त्यांनी लहानपणापासून कसं भरवलं. एका फ्लेक्सने माणूस केवढा बदलतो! उद्या महादूने चुकून ते वारल्याचं छापलं असतं, तर तात्यांनी त्याचेही सत्कार घेतले असते. आई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर काही बघण्यासारखं नव्हतं, ज्वारीची रानं आणि पेट्रोलपंप. पण ती सोलापूर येईपर्यंत बघत होती.

कॉलेजात एक ठेंगण्या, जाड चष्म्याच्या मॅडम प्रवेशाचं बघत होत्या. त्यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर त्यांनी मला बसवलं, दुसरीवर तात्या आपणहून बसले. आई मागे उभी राहिली. फोटोवाल्याने दारातून एक फोटो काढला.

मॅडमनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि मला विचारलं, "नर्सिंगच का?"

"सेवा," तात्या म्हणाले. "सेवाभाव हो मॅडम! आमच्या घराण्यातच हाय ते."

"मी हिला विचारलं."

मी तात्यांकडे पाहिलं नाही. "पगारासाठी," मी म्हणाले. "सेवा घरी चालूच होती, मॅडम. तिचा पगार मिळत नाही."

तात्या मोठ्याने हसले. "लहान हाय अजून. काहीबी बोलती."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं. "वडील?"

"बाजार समितीत," तात्या म्हणाले.

"आई काय करतात?"

"ती काय न्हाई करत. घरीच असती."

मी तोंड उघडलं होतं, पण मागून आवाज आला. आईचा. ती अनोळखी माणसांसमोर बोलत नसे. तात्यांच्या समोर तर नाहीच.

"नर्स हाय मी," आई म्हणाली. "बिनपगारी. सासऱ्यांचं करते. अंघोळ, हागणं-मुतणं, औषधं, कुशीवर वळवणं. लई वर्षं झाली. अजून पाठीला एक जखम होऊ दिली न्हाई."

मॅडमनी चष्मा काढला, आईकडे नीट पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं, आणि चष्मा परत घातला.

"तुम्ही कोण?" त्यांनी तात्यांना विचारलं.

"मी? मी हिचा चुलता. तात्यासाहेब ननवरे. आमच्याकडं..."

"तुम्ही बाहेर थांबा," मॅडम म्हणाल्या. "आणि त्या फोटोवाल्यालाही घेऊन जा. मला पालकांशी बोलायचंय."

तात्यांना कुणी बाहेर थांबायला सांगताना मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं. ते उठले, उपरणं सारखं केलं, काहीतरी बोलायचं म्हणून "बरं, बरं" म्हणाले आणि गेले. मॅडमनी रिकाम्या खुर्चीकडे हात केला.

आई बसली.